चालकाच्या मागची जागा

मानसिंगनं कराडची गाडी सांगली स्टँडवर फलाटाला लावली आणि सगळ्यात आधी चढलेल्या बाईला बघून त्याचा हात गिअरवरच राहिला. त्याची बायको, क्रांती. अंगावर नर्सचा गणवेश, डोळ्यांत रात्रपाळीची लाली. घरी जाऊन झोपायचं सोडून ती थेट त्याच्या पाठीमागच्या बाकावर येऊन बसली.

कुठं निघालीस, असं त्यानं विचारलं. तुमच्याबरोबर, असं ती म्हणाली. तेवढ्यात कंडक्टरनं डबल बेल दिली.

ती दवाखान्यातून घरी यायची तेव्हा त्याची पहिली गाडी सुटलेली असायची, आणि तो परतायचा तेव्हा ती निघायच्या गडबडीत. फोनवरचं बोलणं भाजी झाकून ठेवलीय, याच्या पुढं जात नसे.

आष्टा मागं पडलं तशी ती बोलायला लागली. चालत्या गाडीत चालकाशी बोलायचं नसतं, म्हणून शेजारच्या रंगुबाईशी. आवाज मात्र पुढं ऐकू जाईल असा. रंगुबाई लेकीकडं पेठ नाक्याला निघालेली म्हातारी. तिला सगळं ऐकायला मिळालं. कराडच्या एका दवाखान्यात क्रांतीला दिवसपाळीची नोकरी मिळत होती. होय की नाही, ते आजच कळवायचं होतं. पण मग बिऱ्हाड कराडला न्यायचं, नवऱ्यानं डेपो बदलून घ्यायचा. सांगलीत त्याला आता कुठं मनासारखी फेरी मिळायला लागली होती. तिकडं फेऱ्या वाटताना पुन्हा शेवटच्या नंबरापासून सुरुवात.

"मग धनी काय म्हणतोय?" रंगुबाईनं विचारलं.

"ऐकतायत," क्रांती म्हणाली.

रंगुबाईनं पुढं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं. मागच्या बाकांवरच्यांच्याही आलं. कुणी म्हणालं, बदली घ्यावी. एका आजोबांनी कराडात घरभाडं लय हाय, असं बजावलं. मानसिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रस्ता मोकळा असताना त्यानं उगीच हॉर्न वाजवला.

पेठ नाक्याला उतरताना रंगुबाई त्याच्याजवळ थबकली. "पोरगी तिकीट काढून नवऱ्याशी बोलाय आलीया, बाबा. तिला न्हाई म्हणू नगंस."

कराडला दोघं कँटीनमध्ये समोरासमोर बसले. त्यानं डबा उघडला. क्रांती चपातीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसली होती. ती 'नाही' ऐकायची तयारी करून आलीय, हे त्याला दिसलं.

"नंबर मागं पडू दे," तो म्हणाला. "तू दिवसाउजेडी कशी दिसतीस, त्येच मी इसरून गेलोय. लाव फोन."

तिनं तिथंच फोन लावला. होय म्हणताना तिला हसू आवरेना. पलीकडच्यांना तेच पुन्हा सांगावं लागलं. मग तिनं त्याच्या डब्यातली भाजी निम्मी संपवली.

परतीच्या फेरीला ती पुन्हा त्याच बाकावर बसली आणि गाडी स्टँडाबाहेर पडायच्या आत खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. हायवे संपला, गावं लागली. मानसिंग एकेक गतिरोधक असा जपून ओलांडू लागला की मागच्या सायकली पुढं निघून गेल्या.

शेवटी मागून एक प्रवासी वैतागून म्हणाला, "ड्रायव्हर, गाडी हाय का पाळणा?"

मानसिंगनं आरशात एकदा बघून घेतलं, आणि पुढचा गतिरोधक त्याहून हळू घेतला.