सात सेंटिमीटर

चोवीस टोपल्या, अठ्ठेचाळीस मग, चोवीस मेणबत्त्या, चोवीस टॉवेल आणि किल्ल्या अडकवायच्या चोवीस लाकडी खुंट्या. मोजणीत काहीच कमी नव्हतं. तरी पहिली टोपली भरून झाल्यावर सून तिच्याकडे बघतच राहिली. सामान पार तळाशी जाऊन बसलं होतं. तिने आत फूटपट्टी उभी धरली. सामानापासून काठापर्यंत सात सेंटिमीटर रिकामे.

"बाबा, जरा इकडे या. तुम्ही नकाशा काढला होतात ना?"

सासरे उठून आले. उभी हयात त्यांनी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढण्यात घालवली होती. टोपलीचा नकाशाही त्यांनीच काढून दिला होता. खऱ्या मापाचा, वरून दिसते तसा. दोन मग, मेणबत्ती, टॉवेल, खुंटी, मध्ये सुई शिरायला जागा नाही. त्या नकाशाच्या भरवशावर सुनेने स्वस्तात मिळाल्या म्हणून या टोपल्या उचलल्या होत्या.

त्यांनी टोपलीत डोकावलं. मग आपल्या नकाशाकडे पाहिलं.

"उभा छेद काढायचा राहिला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लांबी-रुंदी बघितली. उंची बघितलीच नाही."

"वा! घरांना तरी छपरं दिली होतीत ना?"

"ते दुसरा माणूस बघायचा."

उद्या एका नव्या इमारतीतल्या चोवीस कुटुंबांना किल्ल्या मिळणार होत्या आणि किल्लीबरोबर बिल्डरतर्फे 'नवं घर' नावाची एकेक टोपली. बिल्डरचा माणूस चार वाजता बघायला येणार होता. पसंत पडल्या तर पुढच्या इमारतीचं कामही सुनेचंच. नाही पडल्या तर चोवीस मेणबत्त्या लावून घरीच बसायचं. तळाशी भरायला कागदाच्या बारीक पट्ट्या विकत मिळतात, पण हातातले पैसे टोपल्यांतच संपले होते.

"वर्तमानपत्र फाडून घालू?" तिने विचारलं.

"नव्या घराची टोपली आहे. अंड्यांची नाही."

ते आत गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कपाटावरच्या नकाशांच्या गुंडाळ्या होत्या.

"बाबा, ते नको."

"का? इमारती उभ्या राहिल्या. आता या गुंडाळ्यांना कोण विचारतंय? तूच दर साफसफाईला शिव्या देतेस."

ते खरं होतं. सून कात्री घेऊन कापायला लागली. सासऱ्यांनी तिची पहिली पट्टी उचलून उजेडात धरली.

"ही पट्टी आहे की गांडूळ? आण इकडे."

त्यांनी लोखंडी फूटपट्टी काढली, कटरला नवं पातं लावलं, दहा-दहा कागद एकावर एक ठेवले आणि कापत सुटले. प्रत्येक पट्टी चार मिलिमीटर.

"चारच का?"

"पाचची लोळते. तीनची तुटते."

कागद करकरीत होता. चुरगळून सोडला की पुन्हा फुलायचा. सून टोपल्या भरत गेली. नकाशांवरची त्यांची अक्षरं पाच मिलिमीटर उंच होती, त्यामुळे एकही शब्द अख्खा राहत नव्हता. 'स्वयंपाकघर'चं डोकं एका पट्टीवर, पाय दुसरीवर. जिने कापले गेले, गच्च्या कापल्या गेल्या. सासरे वाचत नव्हते, फक्त माप बघत होते.

तीन वाजता तेवीस टोपल्या भरल्या होत्या. एकच गुंडाळी उरली होती, बारीकशी, फितीने बांधलेली. सुनेने ती सोडली. एकच कागद. दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे ओटा. कोपऱ्यात मालकाचं नाव लिहायच्या चौकटीत काहीच नव्हतं.

"हे कुणाचं?"

"ते बांधलं नाही."

तिने कागद पुन्हा गुंडाळायला घेतला. "हे राहू दे. शेवटच्या टोपलीत मी टॉवेलची घडी खाली घालते."

"आणि तो माणूस नेमकी तीच टोपली उचलेल. आण. आणि चहा टाक."

ती चहा टाकायला गेली. भाड्याच्या या घरात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. सासूबाईंनी शेवटपर्यंत याच दिव्याखाली रांधलं होतं. बाहेरून कटरचा आवाज येत होता, आधीपेक्षा सावकाश. मध्येच तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

बिल्डरचा माणूस चारला आला. त्याने एका टोपलीवर तळहात दाबून पाहिला, दुसरी उचलून पाहिली. मग एक पट्टी ओढून बोटाला गुंडाळली.

"कागद झकास आहे हो. कुठे मिळतो?"

"आता नाही मिळत," सासरे म्हणाले.

"अरेरे. पुढच्या इमारतीत छत्तीस घरं आहेत. मला हाच हवा होता."

"पुढच्या वेळी टोपली बुटकी घेऊ. कागद लागणारच नाही."

तो हसला, ठीक आहे म्हणाला आणि दोन-दोन टोपल्या खाली गाडीत नेऊन ठेवू लागला. सासरे टेबलावरचा कचरा गोळा करत होते.

सून शेवटच्या टोपलीचा कागद नीट करायला वाकली. मेणबत्तीभोवती एक पट्टी वेटोळं घालून बसली होती. तिच्यावर सासऱ्यांच्या अक्षरात दोन शब्द होते, कुठेही न चिरलेले: 'हिची खिडकी'.

तिने ती होती तिथेच राहू दिली. टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि तिच्यावर आडवी धरली.

सहा मिलिमीटर.