एका नकाराला एक फटका

"तेवीस नकार, तेवीस फटके. नियमाबाहेर एकही नाही, मॅडम," जेलर वासकर म्हणाले.

तुरुंगातली नवी काठी एरवी दोरीसारखी लुळी असायची. समोरच्याने नकार दिला, तरच ती एका फटक्यापुरती ताठ व्हायची.

चौकशीला आलेल्या धुमाळबाईंनी काठीतलं रेकॉर्डिंग लावलं. तापाने फणफणलेला कैदी हणमंत शिंगाडे म्हणत होता, "आज काम नको, साहेब." पुढचे बावीस नकार एकसारखेच होते, "नको, मारू नका!" तेविसाव्या फटक्यानंतर हणमंत कायमचा गप्प झाला.

"अहो, मारू नका म्हणणं हासुद्धा नकार?" बाई कडाडल्या.

"काठीला 'नको' कळतं, मॅडम. कशाला नको, ते कळत नाही."

बाईंनी ती लुळी काठी उचलली आणि वासकरांवर उगारली.

"मॅडम, नको!"

बाईंच्या मुठीत काठी ताठ झाली.