ओल्या फडक्यातली फांदी

कोचीहून ड्रोनने आलेले पराग विदुलाबाईंनी पहाटेच ब्रशने फुलाला लावले. रात्री फुलांवर येणारे पतंग नामशेष झाल्यापासून हे काम माणसांनाच करावं लागे. वेलीसारख्या वाढणाऱ्या या निवडुंगाची जगात दोनच रोपं उरली होती, एक बाईंकडे, दुसरं कोचीला, आणि फळ धरायला दुसऱ्या रोपाचे पराग लागत.

काचघरातलं तपासणी यंत्र म्हणालं, “पराग याच रोपाचे आहेत. फळ धरणार नाही.”

“मेलं बिघडलंय,” म्हणत बाईंनी कोचीला मेघश्यामला, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, फोन लावला. “तुझी वेल मुळात आणलीस कुठून रे?”

“विसरलात, बाई? माझ्या लग्नात तुम्हीच तुमच्या वेलीची फांदी दिली होतीत, ओल्या फडक्यात गुंडाळून. चाळीस वर्षं जगवलीय.”

बाईंनी वळून तपासणी यंत्राकडे पाहिलं.

“फळ धरेल ना, बाई?”

उजाडलं होतं. फूल मिटायला लागलं होतं.

“फार छान जपलीस रे,” बाई म्हणाल्या.