मोडलेल्या जोड्या

"माझी डावी कुठाय? गोदीनंच टाकली असणार!"

शाळा सुटली होती आणि चौथीची पोरं व्हरांड्यातल्या चपलांच्या ढिगावर तुटून पडली होती. गोदी रोज सगळ्यांच्या जोड्या मोडून ठेवायची.

मुलांच्या समाजविघातक वर्तनावर संशोधन करणारी मृण्मयी खांबाला टेकून बघत होती. मोठ्या बाईंनीच तिला बोलावलं होतं. "तुम्ही एकदा 'पोरगी वाया गेलीय' म्हणा, की मी हिचा दाखला देऊन मोकळी."

गोदी मात्र रंगात आली होती. "ए ढब्ब्या, खिडकीखाली बघ की! आंधळा हाय नुसता!" पोरं तिला शिव्या घालत, हसत, एकमेकांकडे चपला भिरकावत होती. घरी जायचं जणू विसरूनच गेली होती.

शेवटी जोड्या जुळल्या आणि आवार ओस पडलं. पायरीवर गोदी एकटीच उरली.

"तू नाही जात?" मृण्मयीनं विचारलं.

"आई कापडाच्या मागावरनं सुटल्याशिवाय घराचं कुलूप निघत नाही."

मृण्मयीनं आत जाऊन बाईंना सांगितलं, "तिला कुणाला त्रास द्यायचा नाहीये. पोरं थोडा वेळ थांबावीत, एवढंच."

"म्हणून रोज हा गोंधळ?" बाई तणतणत बाहेर आल्या, तर त्यांचीच एक चप्पल गायब.

"गोदे!"

"शोधू की, बाई. घाई हाय काय?"

बाईंनी रिकाम्या आवाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पदर सावरून त्या तिच्याशेजारी टेकल्या.

"नाही गं. पण उद्यापासून माझी एवढी लांब टाकू नकोस. गुडघे दुखतात."