मधली भिंत

चुन्याचा पट्टा पुन्हा तडकला होता. कानिफनाथ गवंड्याने भिंतीच्या भेगेवर आडवा लावलेला हा तिसरा पट्टा. पट्टा शाबूत राहिला तर भिंत स्थिरावली, तडकला तर अजून हलतेय, असं त्याचं साधं गणित. बन्सीने खाली वाकून पायथ्याची माती चिमटीत घेतली. ओली होती.

आता याला काय म्हणावं? सगळ्या श्रीगोंदा तालुक्यात विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या होत्या. माणसं पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होती आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी गिळत होती. गावात टँकर दुपारी यायचा, तोही एक दिवसाआड. आणि बन्सीच्या भिंतीला मात्र ओल!

भिंत दोन वर्षांपूर्वीची. बन्सी आणि थोरला कारभारी यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वडिलांच्या घराच्या मधोमध घातलेली. जावाजावांचं पटेना म्हणून वेगळे निघालो, असं दोघे भाऊ काष्टीच्या बाजारात कुणीही विचारलं तरी सांगत. लोकांनाही ते पटे. भिंत उभी राहिल्यापासून बन्सीची चांगुणा आणि कारभारीची बायडाबाई एकमेकींशी बोलताना कुणी पाहिल्या नव्हत्या. टँकरपाशी एक पुढे उभी राहिली तर दुसरी पार शेवटी.

“नुसती मधली भिंत असती तर पडू दिली असती,” कानिफनाथ म्हणाला. “पर हिचा सांधा मागल्या भिंतीत घातलाय. ही हलली की तिला वढती. पावसाळ्यापतूर असंच चाललं तर सारं घर खाली येईल, बन्सी. वर मातीचं जड धाबं हाय. खाली लेकरं निजत्यात.”

“पर हलती कशानं?”

“काळी माती हाय बाबा. पानी पिली की फुगती, वाळली की आकसती. तुमी घाईघाईत हातभर पाया खांदला, मुरूम लागंपतूर गेलाच न्हाईत. समदीकडं वाळली आन् एकाच जागी वली, तर भिंतीनं करावं काय?”

“मंग वली कशानं?”

“मी गवंडी हाय, पाणाड्या न्हाई.”

उपाय मात्र त्याने सांगितला. पायालगत चर खणायचा, काळी माती काढून मुरूम भरायचा, धुमसाने ठोकायचा, वरून उतार द्यायचा. पण दोन्ही अंगांनी. एकाने करून काही उपयोग नव्हता.

म्हणजे भावाशी बोलणं आलं. वाटणीत बैलही एकेक आला होता, त्यामुळे मुरमाची गाडी जुंपायची तरी दोघांनी मिळूनच. जुंपली. दोघे शेजारी बसले, तोंडं मात्र दोन दिशांना.

“पानी तुझ्या अंगानं येतंय,” अर्ध्या वाटेवर कारभारी म्हणाला.

“माझ्यात प्यायला पुरत न्हाई, दादा. घागर गळती, म्हनती चांगुणा.”

“आमच्यातबी तीच गत. बायडा म्हनती, बैल लई पितोय.” कारभारीने कासरा ओढला. “मोरीचं पानी सोडत असशील तिकडं.”

“तूच सोडत असशील. माझं घर पाडाय.”

“आन् माझं काय हवेत ऱ्हाईल व्हय?”

बन्सीचं डोकं चालेनासं झालं. भावानं असं करावं तर स्वतःचंच घर पाडावं, आणि न करावं तर ओल येते कुठून?

चार दिवस भिंतीच्या दोन्ही बाजूंनी धुमसाचे ठोके ऐकू येत होते. इकडचा थांबला की तिकडचा पडे. चर भरले, उतार दिले, कानिफनाथाने चौथा पट्टा लावला. कामावर कुणी म्हणालं, खाली झरा असेल, नारळ फोडून विहीर खण. बन्सी हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

टँकर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टा तडकला. नवा कोरा मुरूम ओला झाला होता.

मग मात्र बन्सीची खात्री पटली. हे माणसाचंच काम, आणि माणूस भिंतीपलीकडचाच. पुढच्या टँकरच्या दिवशी त्याने पोटात कळ आल्याचं सांगून मुकादमाकडून अर्धा दिवस मागून घेतला. थोरल्याला हातोहात पकडायचं आणि सगळ्या गावापुढे उभं करायचं, असं ठरवून तो निघाला. वीस पावलांवर कारभारी दिसला. तलावाच्याच खड्ड्यात उभा राहून पाटी भरत होता.

बन्सी वाटेतच थबकला. दादा इथे, मग तिथे कोण? उन्हातून चालताना त्याने दहा जणांची नावं घेतली आणि दहाही खोडली.

तो मागच्या दाराने आत शिरला. चांगुणा भिंतीपाशी उकिडवी बसली होती. घागर कलती करून ती भेगेखाली पाणी सोडत होती. हळूहळू, रोपाला घालावं तसं.

बन्सीला काही उमजेना. आठ दिवस डोक्यावरून पाणी न घेतलेली ही बाई भिंतीला पाणी पाजत होती. थोरलीवरचा राग एवढा? तिच्या अंगावर भिंत लोटायची होती का हिला? त्याच्या अंगाची लाही झाली. ओरडायला त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात पलीकडून, भेगेला अगदी तोंड लावून, बायडाबाई बोलली. “माजी घागर सरली गं चांगुणा, आता तुजीच वत. आन् रडू नगंस बाय, आज न्हाई तर उद्या पडंल ही.”