कागदी दोरीची बैठक

स्वेनबोर्ग गावातल्या आपल्या छोट्या कारखान्यात सुतार एसबेनने स्वतः आखलेल्या खुर्चीची बैठक कागदी दोरीने निम्मी विणली.

"उरलेली उद्या. तू हात लावू नकोस, ग्रंथपालबाई," त्याने लेकीला चिडवलं. "तुझ्या विणीवर बसायला मांजरसुद्धा धजणार नाही!"

आस्ता नेहमीसारखी हसली. मनातलं मनातच राहिलं.

पहाटे तो झोपेतच गेला.

दफनानंतर तिने कारखान्याचं कुलूप उघडलं. बैठक चार फेरे पुढे गेली होती. नवे फेरे ओलसर होते; एसबेन दोरी भिजवूनच विणायचा.

रोज चार फेरे वाढत गेले, त्याच्याच हातासारखे घट्ट.

आज भर दुपारी, तिच्या डोळ्यांदेखत, शेवटची दोरी ताणली गेली. गाठ बसली. मग वीण करकरली आणि कुणी टेकावं तशी बैठक हळूच दबली.

आस्ता खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

"बाबा, मला हे काम शिकायचं होतं. तुझ्याकडून."