पहिलं नाव

गुडगावात काचेचं नवं हॉस्पिटल उघडलं, तिथल्या पोटाच्या आजारांच्या संशोधन विभागात वैजयंतीला नोकरी लागली आणि दिल्लीत, तिच्या पहाडगंजातल्या मराठी घरांत पेढे गेले. नव्या औषधाच्या चाचणीसाठी तिनं पहिलं नाव सुचवलं ते शेजारच्या भालचंद्रकाकांचं. त्यांच्या पोटदुखीपुढे बाकीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. निवडीआधीची एंडोस्कोपी आज होती. चाचणीची यादीही आजच बंद होणार होती. आठ तास पोट रिकामं हवं, असं तिनं दोनदा बजावलं होतं. "काका, काही खाल्लं नाहीत ना?" "छे, चहासुद्धा नाही. फक्त सकाळी प्रसादाचा शिरा. तुझ्यामुळे नंबर लागला म्हणून काकूनं सत्यनारायण घातला." तिचं पेन थांबलं. खोटं लिहावं तर भूल देताना जिवावर बेतेल. काकांनी पिशवीतून डबा काढला. "तुझ्या वाट्याचा. अजून कोमट आहे." तिनं त्यांच्या नावावर काट मारली आणि उजवा हात पुढे केला.